झाडावरची चिंधी

"उद्या सकाळी जांबुवीर प्रत्यक्ष दर्शन देणार हाये," प्रफुल्लने मोबाइल नाचवत जाहीर केलं. "आणि तेही आपल्या एकोडीच्या जंगलात!"

त्याचा मित्र सुगत आणि सुगतची बहीण तृप्ती ओसरीवरून धावतच आली. जांबुवीर म्हणजे मोबाइलवरच्या चित्रकथांचा नायक, जांबवंताचा वंशज, अस्वलाच्या ताकदीचा. त्याचा नियम एकच होता: माय आणि पिल्लू यांच्या मधे येणाऱ्याला तो सोडत नसे. त्याच्या चाहत्यांचा 'जांबुवीर सेना' हा ग्रुप म्हणजे या तिघांचं दुसरं घर. परीक्षा संपल्यापासून तर पहिल्या घरी ती फक्त जेवायला येत. तृप्तीची चित्रं ग्रुपवर सगळे ओळखत. ग्रुपचा प्रमुख 'महाऋक्ष' कोण, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

त्या महाऋक्षने आज फोटो टाकला होता. एक मोहाचं झाड, खाली जळालेली काळी जमीन आणि मातीत अस्वलाचा पंजा.

तृप्ती फोटोकडे बघतच राहिली. "सुगत, हे आजीचं झाड हाये."

"काहीतरीच. आजीच्या झाडाले चिंधी बांधली हाये. याले कुठं हाये?"

एकोडीत मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. ज्याचं झाड, त्यानं खोडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, की दुसरं कुणी तिथली फुलं वेचत नाही. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळून जमीन साफ करायची. सुगत-तृप्तीची आजी, पार्वताबाई, रोज उजाडायच्या आत टोपली घेऊन तिथं जाई.

"चिंधी नाही, पण फांदी पाह्य," तृप्ती म्हणाली. "तिच्यावर बसून मी चित्रं काढते. मले नाही ओळखू येणार?"

तिघंही निघाली. गावातले गोपीचंदकाका त्या बाजूला गुरं चारत होते, म्हणून तेवढी हिंमत तरी झाली.

झाड आजीचंच होतं. चिंधी कुणीतरी सोडून झुडपात फेकली होती. बुंध्याशी मोहफुलांचा ढीग, त्यावर गूळ चोपडलेला आणि वर फांदीला कॅमेरा. सुगत खाली वाकला आणि तसाच थांबला. मोठ्या पंजाशेजारी लहान पंजे उमटले होते.

"पिल्लू संग हाये," तो हळूच म्हणाला. "पिल्लाची माय लई वाईट असते. आणि आजी इथं अंधारात एकटी वाकून फुलं वेचते."

तृप्ती झटकन ढिगापासून मागं सरकली.

प्रफुल्लने ढिगाजवळचा स्टीलचा डबा उचलून उलटा केला. डब्याच्या बुडाशी नाव कोरलं होतं: भुपेंद्रकडून साधनाताईस.

"हा माह्या आईचा डबा हाये," तो पुटपुटला. "म्हणजे महाऋक्ष... माहा मामा?"

जवाहरनगरचा भुपेंद्रमामा सुट्टीला त्यांच्याकडेच आला होता. तिघं प्रफुल्लच्या घरी पोचली तेव्हा तो निवांत चहा पीत होता. डबा समोर येताच तो हसला.

"पकडलं म्हणा मले! अरे, अस्वल येईल, लोकं दुरून पाहतील. त्यात काय बिघडते?"

"मामा, तिथली चिंधी तुम्ही काढली?" तृप्तीनं विचारलं.

"ते फडकं? फोटोत कचरा दिसून राहिला होता."

"तो कचरा नाही. ते माह्या आजीचं झाड हाये. उद्या लोकायच्या आधी ती पोचते तिथं."

मामाच्या हातातला कप बशीवर आदळला. त्यानं घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, 'दर्शन रद्द'. लगेच उत्तरं येऊ लागली. 'ही आमची परीक्षा आहे!' 'खरा सैनिक येणारच!' साकोलीहून तर गाडी भरून पोरं यायला निघणार होती. मामानं कपाळाला हात लावला. सैनिक त्यानंच घडवले होते.

"त्यायले मामाचं पटणार नाही," तृप्ती म्हणाली. "जांबुवीराचं पटेल."

तिनं रंग काढले. मोहाच्या झाडाला पाठ लावून उभा जांबुवीर, खोडाला चिंधी, मातीत मोठे पंजे आणि लहान पंजे. खाली लिहिलं: 'इथं एक माय पिल्लाला घेऊन येते. मधे येईल तो माझा शत्रू.'

चित्र ग्रुपवर पडलं. मग एकेक उत्तर आलं. 'आम्ही घरीच.' 'सैनिक मागे फिरले.' साकोलीची गाडीही रद्द झाली.

संध्याकाळच्या आत मामानं वनरक्षकांना सोबत नेऊन ढीग उचलला. बोलणी खाल्ली ती वेगळी. सकाळी वनरक्षक वाटेवर थांबले, पण एकही माणूस फिरकला नाही. "आमच्या पाट्या कोणी वाचत नाही," ते तृप्तीला म्हणाले, "तुझं चित्र मात्र ऐकलं सगळ्यांनी."

आजी त्या दिवशी घरीच बसली. तिनं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि तिघांना जवळ ओढलं. "पोरायनं जीव वाचवला माहा," ती म्हणाली.

मग तिनं आपल्या ठेवणीतल्या लुगड्याचा काठ फाडला आणि दाराशी मान खाली घालून उभ्या असलेल्या मामाच्या हातात दिला.

"वनरक्षक साहेब हो म्हनले की तूच बांध झाडाले. आन् घट्ट बांध. पुन्हा कोनाले कचरा वाटू नये."