निजली का?

गाणी पाच होती. पाच दशकांतलं एकेक. प्रत्येकाची दोन रेकॉर्डिंगं, एक वाद्यांचं आणि एक नुसत्या आवाजाचं. म्हणजे एकूण दहा. पाचही गाण्यांवर गायिकेचं नाव एकच.

आधी मोजदाद सांगतेय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काहीतरी गफलत झाली असेल. गफलत नव्हती. ही घटना माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलीय. रविवारी, भर दुपारी, तिच्या आत्याच्या स्टुडिओत.

घरात तिला बारकी म्हणतात. तिचे वडील लवकर गेले, आणि ती तीन वर्षांची असताना आई, म्हणजे माझी मावशी, गेली. मग वडिलांच्या बहिणीने तिला पदरात घेतलं. आत्या नावाजलेली गायिका. तिच्या पाच हिट गाण्यांचा संच निघणार होता आणि जुनी रेकॉर्डिंगं साफ करायचं काम बारकीकडे होतं. भौतिकशास्त्र शिकलेली पोरगी, आवाजातच रमलेली.

पहिलं गाणं तबकडीच्या काळातलं, व्हायोलिनवर तरंगणारं. दुसऱ्यात ट्रम्पेट आणि बोंगो. तिसरं कॅसेटचं, सगळी वाद्यं एका कीबोर्डच्या पोटात. चौथ्यात ठोका असा की खिडकीच्या काचा थरथरतात. पाचवं फोनसाठी केलेलं, त्यामुळे सुरुवातीचं वाद्यसंगीत नाहीच, थेट मुखडा.

सगळं बदलत गेलं. आवाज मात्र नाही.

लोक कौतुकाने म्हणायचे, "बाईंचा गळा म्हाताराच होत नाही."

बारकीने नुसत्या आवाजाचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. मागे विजेची बारीक गुणगुण होती. ती सेकंदाला पन्नास कंपनांची असायला हवी. भरली त्रेपन्न.

म्हणजे गाणं पळवलेलं होतं. वेग वाढवला की आवाज कोवळा होतो. जुनी युक्ती.

तिने बाकीची चारही मोजली.

सगळीकडे त्रेपन्न.

तिने वेग कमी करून गुणगुण पन्नासवर आणली आणि गाणं पुन्हा लावलं.

आणि तिचा हात बटणावरच राहिला...

तो आवाज तिचा स्वतःचा होता.

आधी तिला वाटलं, आपलीच एखादी चाचणी चुकून लागली. पण हे गाणं तिच्या जन्माआधीचं. आणि बारकीला गाता येत नाही. आत्या लहानपणापासून हसून सांगायची, "आवाजाने आईवर गेलीस बघ. ती गायला लागली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे."

आईवर गेलीस.

बारकीने तिसरं गाणं लावलं. हे आईच्या मृत्यूनंतरचं.

आवाज तोच.

गाणं संपलं. तिने बंद केलं नाही. शांततेत खूप खोल काहीतरी होतं. तिने आवाज वाढवला...

"निजली का?"

मग आत्याचा खरा, जाडसर आवाज. "निजली गं, माझ्या कुशीत निजली. तू गा."

चौथ्या गाण्याच्या शेवटी...

"जेवली का?"

"पोटभर. माझ्याच हातची लागते तिला."

पाचव्याच्या शेवटी...

"घरी आली का?"

"ही काय, बाहेर बसलीय. वेडी कुठली."

बारकी खुर्चीत बसून राहिली. सहाव्या वर्षी तिला वसतिगृहात पाठवलं होतं. लोखंडी खाट, चाळीस मुलींची खोली. सुट्टीतही आत्याला वेळ नसायचा. तिसरं आणि चौथं गाणं आलं तेव्हा ती तिथेच होती. पाचव्याच्या वेळी दुसऱ्या गावात भाड्याच्या खोलीत.

दार उघडलं. आत्या होती.

"अगं, दोन घास खाऊन घे. कामाने काय मरायचंय?"

बारकीने तिसऱ्या गाण्याचा शेवट लावला.

आत्याने पर्स खाली ठेवली. ती दचकली नाही. तेच बारकीला जास्त लागलं.

"वेग कशाला कमी केलास?"

"आई गायची?"

"गायची म्हणजे... पहिल्यांदा मी म्हटलं, माइक तपासायचाय, जरा गा. ती गायली. तबकडीवर माझं नाव आलं."

"आणि ती गप्प बसली?"

"भोळी होती गं. दुसऱ्या वेळी तू पोटात होतीस. म्हणाली, वन्सं, गाते मी. पण मला काही झालं तर पोरीला जवळ ठेवाल ना?"

"आणि नंतरची तीन?"

आत्या काचेपलीकडच्या माइककडे बघत होती. "ती गेल्यावर मीच गायचं ठरवलं. आईशप्पथ. एकटी उभी राहिले आत. तोंड उघडायच्या आधीच... गाणं सुरू झालं."

"आणि तू तिला सांगितलंस, मी तुझ्या कुशीत आहे."

"काय सांगणार होते मग? फी भरत होते की तुझी! कपडे, पुस्तकं, काही कमी पडू दिलं?"

"जवळ ठेवायचं ठरलं होतं."

"तुझ्या आवडीचा गुलाबी स्वेटर कोणी आणला? आजारी पडलीस तेव्हा कोण आलं?"

बारकी मला नंतर म्हणाली, "ताई, तो स्वेटर मी झिजेपर्यंत घातला. मला वाटायचं, कुणाची तरी माया आहे. ते माझ्या आईच्या आवाजाचं भाडं होतं गं."

ती उठली आणि काचेच्या खोलीकडे निघाली. तेव्हा मात्र आत्या घाबरली. तिने दंडच धरला.

"आत काही बोलू नकोस. हात जोडते. संच परवा निघायचाय. ती गेली तर माझं काय राहील?"

बारकीने दंड सोडवून घेतला. रेकॉर्डिंग चालू केलं. आत जाऊन माइकसमोर उभी राहिली. काय बोलायचं ठरवलं नव्हतं.

"आई, मी घरी नव्हते. वसतिगृहात होते. तुला खोटं सांगितलं."

ती माइकच्या आणखी जवळ सरकली.

"आता मी मोठी झालेय. तू नको गाऊस."

काही झालं नाही. दिवा लुकलुकला नाही, थंड वारा सुटला नाही. काचेपलीकडे आत्या दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती.

बारकी बाहेर आली आणि आत्ताचं रेकॉर्डिंग ऐकलं. तिची वाक्यं स्पष्ट होती. मग शांतता. मग कुणीतरी लांब श्वास सोडला...

तो तिचा नव्हता. ती तेव्हा श्वास रोखून उभी होती.

त्या दिवसापासून ती आत्याकडे गेलेली नाही. मला हे सांगताना दोनदा उठून पाणी प्यायली. मी विचारलं, "तुला आईचा आवाज एकदाच मिळाला, तोही घालवलास?" मी असं विचारायला नको होतं.

त्या दुपारी स्टुडिओतून निघण्याआधी तिने आवाजाची पाचही रेकॉर्डिंगं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजली होती. विजेची गुणगुण पाचही ठिकाणी होती. गाणारा आवाज पाचांपैकी एकाही ठिकाणी नव्हता.