मोर कुणी पुसले?

बसवेशअण्णा जिना चढून आला तो घामानं निथळत. सोलापूरचं ऑक्टोबरचं ऊन. डोक्यावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता.

"ताई, पोलिसात जाऊ का नको, एवढंच सांगा. कारखान्यातल्या पोरीनं वर्षभराची डिझाइनं पुसली."

दाक्षायणी लोकांना लग्नाची स्थळं तपासून द्यायची, अधूनमधून चोऱ्याही शोधायची. तिच्या मागं उभा मावसभाऊ सिद्धनाथ. त्याला सकाळी विनोद सांगावा तर गडी संध्याकाळी हसायचा. पण दाक्षायणीअक्काची स्कूटर तोच चालवायचा.

अण्णाचा चादरींचा कारखाना होता. कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायला करकंबची वैष्णवी. दसरा झाला की ती दुसरीकडं कामाला जाणार होती. आणि आज, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, अण्णानं कॉम्प्युटर लावला तर वर्षभरातलं एकही डिझाइन दिसेना. त्यानं चाळीस कामगारांसमोर तिला चोर म्हटलं.

"कुटं हाय ती?"

"हापिसात बसवून ठेवलीया. चार वाजता चौकीवर नेणार."

"अजून दोन तास हायत की," म्हणत दाक्षायणी उठली.

कारखान्याच्या हापिसात वैष्णवीचं रडून झालं होतं. ती नुसती भिंतीकडं बघत होती.

"मी काय बी पुसलं न्हाय," ती म्हणाली. "खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बंद करून गेले, ती आज आले. गावात हे कळलं तर बा मला परत घराबाहेर पडू देणार न्हाय, ताई."

अण्णानं कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. त्यानं एफ-वन दाबलं.

"ही ओळ रोजच येते?" दाक्षायणीनं विचारलं.

"न्हाय, आजच यायला लागलीया. दाबलं की जाते."

मग बसा वाट बघत. चहा आला, पिऊन झाला, सिद्धनाथनं बशीतला शेवटचा थेंबही सोडला नाही, तेव्हा कुठं पडदा उजळला. समोरचे दोन दात पडलेला एक पोरगा हसत होता.

"आमचा अजिंक्य. आता इंजिनिअरिंगला हाय," अण्णा म्हणाला. "हितं मोराचं चित्र असायचं. तेबी काढलं हिनं. आन घड्याळ बघा, दोन हजार नऊ साल! पुरावा नको म्हणून तारीखबी मागं सारली."

सिद्धनाथला हे एकदम पटलं. तारीख फिरवणारं माणूस सरळ कसं असेल? त्यानं वैष्णवीकडं जरा तिरकंच बघितलं.

झाडलोट करणाऱ्या चंद्रव्वाला बोलावलं. ती आधीच हात हलवत आली.

"इल्ला री अक्का, न्हाय! नवमीला मी हळदकुंकू वाहिलं, हार घातला. बटनाला हात न्हाय लावला. मेन स्विच अण्णांनीच पाडला. हापिसातला इन्व्हर्टरबी."

"यंत्रांना वर्षातनं दोन दिवस इश्रांती नको?" अण्णा म्हणाला. "एरवी इन्व्हर्टर कधीच बंद नसतो."

कॉम्प्युटरवाला धनाजी लग्नासाठी जेऊरला गेला होता. दाक्षायणीनं त्याला फोन लावला.

"मशीन जुनंच हाय, ताई. गेल्या दिवाळीत नवी डिस्क घातली, नवं विंडोज टाकलं. जुनी डिस्कबी आत तशीच ठेवली, असू दे म्हणून. आता कसं भुर्रकन उठतंय!"

"फाइली पुसता येत्यात का, ते विचारा," अण्णा मधेच म्हणाला.

"येत्यात की," धनाजी फोनवरनं म्हणाला.

"बघा!"

दाक्षायणीनं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या दात पडलेल्या पोराकडं बघत बसली.

"वैष्णवी, तू हितं कधीपासनं?"

"गेल्या दिवाळीनंतर."

"हा फोटो कधी बघितलास?"

"आज पहिल्यांदा."

दाक्षायणी वळली. "अण्णा, चोर असलेलं नेतो. नसलेलं आणून ठेवत न्हाय. तुमच्या पोराचा लहानपणीचा फोटो हिनं आणला कुठनं?"

अण्णानं वळून पडद्यावरच्या पोराकडं बघितलं.

"तो जुन्या डिस्कवरचा हाय. मशीनच्या पोटात दोन डिस्का. नवीवर हे सगळं वर्ष, जुनीवर त्याच्या आधीचं. आज तारीख काय, कुठल्या डिस्कवरनं उठायचं, हे मशीन ध्यानात ठेवतं एका चपट्या सेलच्या जोरावर. तो सेल कधीच संपलाय. पण मशीन बंद केलं तरी त्याला वीज पोचत होती, म्हणून कुणाला कळलं न्हाय. नवमीला तुमी वीज तोडली आन मशीन सगळं विसरलं. ती काळ्या पडद्यावरची ओळ तेच ओरडून सांगत होती. मग ते उठलं जुन्या डिस्कवरनं. म्हणून चहा संपला तरी उठेना. भुर्रकन उठायचं ते नव्या डिस्कवरनं. तारीख मशीननंच मागं नेली. हिनं न्हाय."

"आन डिझाइनं?"

"तुमी पडद्यावर बघितलं, दिसलं न्हाय, म्हणजे गेलं असं ठरवलं."

तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, एक बटन दाबून धरलं, यादीत नवी डिस्क वर आणली. सिद्धनाथनं जांभई द्यायला तोंड उघडलं, ते मिटायच्या आत मोर हजर. मोराखाली वर्षभराची डिझाइनं, एकही कमी नाही.

सिद्धनाथला सगळं समजलं, आणि त्याच्या मानानं फार लवकर समजलं. मघाशी आपण नुसत्या एका तारखेवरनं पोरीला चोर ठरवलं, हेही समजलं. मग त्याला तिच्याकडं सरळ बघवेना.

अण्णानं हळूच दार लोटून घेतलं. "चुकलं माझं, पोरी."

वैष्णवी उठली. "चोर म्हणताना चाळीस माणसं होती. आता दार कशाला लावताय, अण्णा?"

अण्णा दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं दार उघडलं. यंत्रमागांचा खडखडाट हापिसात घुसला. तो मागांमधल्या वाटेत जाऊन उभा राहिला, काहीतरी पुटपुटला. कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं," वैष्णवी दारातनं म्हणाली.

मालक हात जोडून उभा आहे हे बघून पहिला माग थांबला. मग शेजारचा. एकेक करत सगळे थांबले, आणि त्या शांततेत अण्णाला पहिल्यापासनं सगळं परत सांगावं लागलं.