पिवळीची डावी जागा

दुधाच्या किटलीला सीटबेल्ट लावलेला भार्गवीनं पहिल्यांदा पाहिला, तो आष्ट्यात, शाळेसमोरच्या रस्त्यावर.

गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. सकाळचं धुकं अजून उसावरून उठलं नव्हतं आणि हवेत कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, करपट वास होता. भार्गवी बांधकाम खात्यातली कनिष्ठ अभियंता. मूळची वाईची, राहायला सांगलीत, आणि सध्या काम आष्ट्याच्या रस्त्यावर. हातात टेप घेऊन ती नव्या गतिरोधकापुढे कपाळाला हात लावून उभी होती. काल संध्याकाळी तिनं स्वतः मापून घेतलेला गतिरोधक आज चांगला वीतभर वर आला होता.

तेवढ्यात मागून असा काही आवाज आला, की चहाच्या टपरीखाली झोपलेली कुत्री उठून बसली. पिवळीधमक गाडी. दोन दारं. आणि इतकी बुटकी, की जणू वरून कुणीतरी तिच्यावर बसलंय... असली गाडी भार्गवीनं पुण्यात एकदोनदा पाहिली होती, तीही भुर्रकन जाताना. ही मात्र गतिरोधकाच्या अलीकडे गरीब गाईसारखी उभी राहिली. पायात स्लीपर, बाह्या दुमडलेल्या, असा एक तरुण उतरला. वळसा घालून डाव्या बाजूला आला, सीटवरच्या किटलीचा पट्टा सोडला, तिला उचलून रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. मग परत गाडीत बसून गाडी तिरकी घातली आणि पोटच्या पोराला उंबरा ओलांडून द्यावा तशी अलगद पलीकडे नेली. तरी खर्रकन आवाज झालाच. त्यानं डोळे मिटून घेतले.

किटली घ्यायला तो परत आला तर तिच्याशेजारी भार्गवी उभी.

“ह्या गाडीतून दूध नेता तुम्ही?”

“दूध नेतो, पेंड आणतो, आत्तीला दवाखान्यात नेतो. घरात एक ट्रॅक्टर हाय न् एक ही. ट्रॅक्टरनं दूध नेलं तर सांगली येईपतोर ताक हुतंय.”

“आणि बेल्ट कशाला तिला?”

“न्हाई लावला तर गाडी बोंबलती. तिला वाटतंय माणूस बसलाय.” तो किटली उचलता उचलता थांबला. “हा डोंगर कुणी बांधलाय ओ?”

“मी.”

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गतिरोधकाकडे. “...चांगलाय.”

“चांगला कसला? मी केला तेव्हा बरा होता. रात्रीत वाढलाय.”

टपरीवरचा केरबा चहा गाळता गाळता म्हणाला, “मॅडम, तुमची माणसं गेल्यावर डांबर उरलं हुतं. वाया कशाला घालवायचं? आमीच थापलं वरनं. पोरांची शाळा हाय, जरा दणकट असलेला बरा.”

आता याला काय म्हणावं? भार्गवीला रागवायचं होतं, पण समोरचा तो पिवळ्या गाडीवाला खाली मान घालून हसत होता, आणि मग तिलाही हसू आवरेना.

त्याचं नाव जयराज. पुण्यात एका मोटार कंपनीत नव्या गाड्या चालवून तपासायचं काम करायचा. लग्न, घर, फिरणं, सगळ्यासाठी साठवलेलं त्यानं एका जुन्या परदेशी गाडीत घातलं, आणि वर्ष सरायच्या आत वडील गेले. घरी ऊस, म्हशी आणि विजयमाला आत्या. तो परत आला तो ही गाडी घेऊनच. गावानं तिचं नाव ‘पिवळी’ ठेवलं आणि ती गावातलीच झाली. तिच्याखाली कोंबड्या बसायच्या, इंजिनात उंदरांनी एकदा संसार थाटला होता. गोठ्याजवळ सुरू केली की म्हशी पान्हा चोरतात म्हणून जयराज तिला रोज ढकलत रस्त्यापर्यंत न्यायचा आणि मग सुरू करायचा.

हे सगळं भार्गवीला कळलं ते नंतर. आधी एके सकाळी सांगलीच्या स्टँडबाहेर तिची एसटी डोळ्यांदेखत भरून गेली, आणि पेढेवाल्याकडे दूध घालून परत निघालेली पिवळी तिच्यापुढे थांबली.

“आष्ट्याला ना? बसा. किटली रिकामी हाय, ती पुढं डिकीत जाईल.”

“डिकी पुढे?”

“इंजिन मागं हाय. उलट्या खोपडीची हाय गाडी.”

आत बसायचं म्हणजे बसायचं नव्हतंच, उतरायचं होतं... जवळजवळ रस्त्यावर. खिडकीतून तिला सायकलींची पॅडलं दिसत होती. कृष्णेवरच्या पुलावर धुकं होतं. वाईला घाटाच्या पायऱ्यांवर भेटणारी हीच नदी इथे कशी ऐसपैस, संथ झालेली. गाडीही तशीच चालली होती. इतक्या ताकदीचं इंजिन, आणि मागून येणारी एसटी हॉर्न मारून पुढे गेली.

तुंग गावाच्या अलीकडे गाडी थांबली. जयराज स्टीअरिंगवर बोटं वाजवू लागला. मान खाजवली. मग म्हणाला, “मॅडम... राग मानू नका. जरा उतरता का?”

“का?”

“पुढं गतिरोधक हाय.”

“म्हणजे मी जड आहे?”

“तुमी न्हाई ओ.” त्याचे कान लाल झाले. “ती नाजूक हाय.”

भार्गवी उतरली. पायी पलीकडे गेली. पिवळी तिरकी होत, कुरकुरत आली, आणि ती पुन्हा बसली. पुढच्या वस्तीपाशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच दार उघडलं.

“तुमच्या किटलीचं बरं आहे,” ती म्हणाली, “तिला उचलून नेता.”

जयराजनं नुसता गिअर टाकला. पण त्याचे कान आष्टा येईपर्यंत लालच होते, आणि भार्गवीनं ते चोरून पाहिलं.

त्या दिवसानंतर तिची एसटी रोजच चुकायला लागली. आता कुणाच्या तरी मागे मोटारसायकलवर बसून गेली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण या गाडीत प्रेम लपवायची सोयच नाही. दर वस्तीला, दर टपरीपुढे मॅडम उतरणार, चालणार, पुन्हा बसणार, आणि सगळा रस्ता बघणार. कुणी बायका हात करायच्या. एका आजीबाईंनी तर विचारलंच, “का गं बाई, रोज भांडून उतरतीस व्हय?”

दिवस जात राहिले. कधी तो गुऱ्हाळातला कोमट गूळ पानात बांधून आणायचा. कधी ती वाईहून आणलेला डबा त्याच्या हाती द्यायची.  ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

“वेगात चालवावीशी नाही वाटत तुला?” तिनं एकदा विचारलं.

“पुण्यात लय चालवली. तिथं मोकळा रस्ता असायचा, कोण आडवं येत न्हाई. हितं...” त्यानं पुढे बोट केलं. उसाच्या ट्रॉलीमागे शाळेची पोरं धावत होती, ऊस ओढत होती. “हितं पुढं काढली न् त्यातलं एखादं मागं पडलं तर? जाऊ दे की. कुठं पळायचंय.”

भार्गवीनं ट्रॉलीवरून नजर काढली. मग तिनं राजसचं सांगितलं. राजस तिचा मोठा भाऊ. कॉलेजात असताना मोटारसायकल भरधाव सोडली आणि वाईच्या वळणावर आडवा झाला. वाचला, पण आजही लंगडत चालतो. तेव्हापासून बाबांना गाडीच्या आवाजाची धास्ती. “मी रस्त्यांच्या खात्यात गेले ती त्यामुळेच,” ती म्हणाली. “आणि आता तुझ्या गाडीत बसते. बाबांना कळलं तर...”

“कळलं तर काय हुईल?”

“नाही म्हणतील.”

“कशाला न्हाई म्हणत्याल?” त्यानं समोर बघतच विचारलं. “मी अजून काय इचारलंय कुठं?”

गाडी गतिरोधकापाशी आली होती. ती दार उघडून उतरली, वाकून आत पाहिलं. “मग विचार ना.”

पलीकडे जाऊन ती परत बसली तेव्हा त्यानं विचारलं. अगदी हळू. ती हो म्हणाली, तेही तितकंच हळू. मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता.

बातमी वाईला पोचायला वेळ लागला नाही. जात वेगळी, हे आईनं दोन दिवस रडून आणि एक मोठा सुस्कारा टाकून गिळलं. बाबा, म्हणजे निवृत्त हरी मास्तर, त्यांचा अडसर वेगळाच होता. “कसली गाडी आहे म्हणे त्याच्याकडे? शर्यतीची?” ते फोनवर म्हणाले. “एका लेकराचा पाय अधू झाला. आता लेकही त्याच रस्त्यानं पाठवू? तरी ये म्हणावं. तोंड बघू.”

आणि इथं जयराजनं घोळ घातला. विजयमाला आत्या म्हणाली, “आरं, ते पिवळं सोंग नकोस नेऊ. पावण्यांना वाटंल उडाणटप्पू हाय. भावकीतली पांढरी जीप घे, भारदस्त दिसतंय.” त्यानं ऐकलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, उसनी जीप घेऊन, आत्याला शेजारी बसवून तो वाईला गेला. भार्गवी दारात उभी होती. तिनं जीप पाहिली आणि तिची नजर मागे पिवळीला शोधू लागली.

मास्तरांनी पोहे होऊ दिले, चहा होऊ दिला. मग विचारलं, “गाडी तुमची?”

जयराजला खोटं बोलता येत नव्हतं. “न्हाई.”

“तुमची कुठंय?”

“घरी.”

“का बरं?”

“तुमी... घाबराल म्हणून.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “मी गाडीला घाबरतो, हे खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “पण जो मुलगा पहिल्याच दिवशी झाकून येतो, त्याला जास्त घाबरतो.”

विषय तिथेच संपला. जीप निघाली तेव्हा जयराजनं वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या स्टँडबाहेर पिवळी उभी होती, तो मात्र बाहेर उभा होता, मान खाली.

“गाडी विकून टाकतो,” तो म्हणाला. “पुण्यात एक जण मागतोय.”

“विक,” भार्गवी म्हणाली.  “म्हणजे बाबांचं खरंच होईल. तू आहेस तसा कुणापुढे उभाच राहू शकत नाहीस.” आणि ती एसटीनं गेली. त्या दिवशी बसमध्ये उभं राहून जाताना प्रत्येक गतिरोधकाला तिला रडू येत होतं.

आठवडा तसाच गेला. मग तिनं बाबांना फोन लावला.

“बाबा, पेपर न तपासता मार्क दिलेत का तुम्ही कधी?”

“नाही.”

“मग एकदा त्याच्या गाडीत बसा. सांगली ते आष्टा. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते.”

मास्तरांनी फोनजवळचं कॅलेंडर चाळलं. मग म्हणाले, “बुधवारी येतो.”

बुधवारी भार्गवी पहाटेच शाळेसमोर कामावर हजर झाली. गावानं थापलेला तो डोंगर खरवडून, नियमाप्रमाणे लांब उताराचा गतिरोधक करून घ्यायचा होता. ट्रॅक्टर हळू झाला पाहिजे, पण कुणाचं पोट खरवडायला नको. काम उरकलं, रोलर निघून गेला, केरबाला तिनं बजावलं, “आता उरलेलं डांबर मी सोबत नेतेय.” आणि ती रस्त्याकडे डोळे लावून बसली.

गाडीत काय घडलं ते तिला नंतर दोघांकडून कळलं. मास्तर बसताना ‘देवा’ म्हणाले. पहिली वस्ती आली आणि जयराज म्हणाला, “बाबा, राग मानू नका, हितं उतरावं लागतंय.” मास्तर उतरले. चालले. बसले. पुन्हा उतरले. एका टपरीवरून कुणीतरी विचारलं, “आज मॅडम न्हाईत? हे पावणं कोण?” जयराज म्हणाला, “मॅडमचे वडील.” लगेच चहा आला. तुंगच्या पुढे उसाची ट्रॉली होती, मागे पोरं. पिवळी तिच्यामागून मैलभर रांगत राहिली. मास्तरांनी विचारलं, “पुढे का काढत नाही?” जयराजनं पोरांकडे बोट केलं. “एकाचा जरी पाय सटकला तर...” एवढंच म्हणाला. त्यानंतर मास्तरही पोरं मोजत राहिले.

अखेर पिवळी शाळेपाशी आली. कुत्री उठून बसली. गाडी थांबली, आणि डावं दार आपसूक उघडलं. मास्तरांना एव्हाना सवय झाली होती.

भार्गवी पुढे झाली. “बाबा, इथं उतरायची गरज नाही. हा नीट केलाय.”

“ते दिसतंय मला.” तरी मास्तर उतरले. कमरेला हात लावून सरळ झाले, चष्मा पुसला. त्यांचे डोळे ओले होते. “त्या दिवशी राजसनं अशी गाडी चालवली असती तर,” ते स्वतःशीच म्हणाले. मग दार तसंच उघडं धरून लेकीकडे वळले. “मी चालतो इथून. त्या टपरीवर चहा घेतो. तू बस.”

“बाबा...”

“बस म्हणतो ना.”

भार्गवी बसली. मास्तरांनी दार हलकेच लावलं. जयराजचे हात स्टीअरिंगवर होते आणि कान लाल. पिवळी नेहमीच्या सवयीनं तिरकी व्हायला गेली, मग सरळ झाली आणि नव्या उतारावरून वर चढली, पलीकडे उतरली. खर्र झालं नाही. काहीच झालं नाही. तो गतिरोधक भार्गवीनं आज पहिल्यांदा बसून ओलांडला.

एवढ्यात गाडी पीं पीं करून ओरडायला लागली.

“पट्टा लाव,” जयराज म्हणाला.  “बोंबलती ती. तिला कळलंय, माणूस बसलंय म्हणून.”

भार्गवीनं पट्टा ओढून लावला. मागे आरशात बाबा बाकावर बसून केरबाशी बोलत होते, आणि पिवळी हळूहळू आष्ट्याच्या पेठेकडे निघाली.