सांबरगडची ललकारी

सह्याद्रीच्या त्या भागात सूर्य आधी गडाच्या माथ्यावर येतो आणि मग बऱ्याच उशिराने खालच्या खोऱ्यात उतरतो. फाल्गुनातल्या त्या पहाटे सांबरगडचा नगारखाना तांबूस उजळला होता, तटावरचे निशाण वाऱ्याअभावी काठीला चिकटून लोंबत होते, आणि तळची गावे अजून धुक्यात बुडालेली होती. एरवी या वेळेला घाटवाटेने मिठाचे तांडे वर चढू लागत. बैलांच्या घुंगुरमाळांनी गडावरच्या बायका जाग्या होत. गेला महिनाभर त्या वाटेवर एकही घुंगरू वाजले नव्हते.

महादरवाज्याच्या आतल्या पायरीवर बसून सुभानजी चोपदार आपला चोप, म्हणजे चांदीच्या मुठीची मानाची काठी, चिंचेने घासत होता. आज गोतसभा होती.

सांबरगडच्या देशमुखीत बावीस गावे. अकरा घाटमाथ्यावरची, अकरा तळची. थोरले देशमुख मार्गशीर्षात निपुत्रिक वारले आणि त्यांचे दोन पुतणे गादीवर हक्क सांगू लागले. घाटमाथ्याचे अचलोजीराव आणि तळचे दर्याजीराव. अशा वेळी बावीस गावांच्या पाटलांनी गडावर जमावे, दोघांचे म्हणणे ऐकावे आणि एकाला पागोटे बांधावे, असा त्या घराण्याचा रिवाज होता.

त्या रिवाजात आणखी एक रिवाज होता, आणि तो दुसऱ्या कुठल्याच गडावर नव्हता. गोतसभेच्या दिवशी चोपदारांनी आपल्या धन्याची ललकारी द्यायची नाही, तर समोरच्याची द्यायची. दर्याजीरावांच्या चोपदाराने अचलोजीरावांना त्यांच्या साऱ्या किताबांसह पुकारायचे आणि अचलोजीरावांच्या चोपदाराने दर्याजीरावांना. कधीकाळी या घराण्यातले दोन सख्खे भाऊ गादीसाठी भांडले, तेव्हा त्यांच्या आईने ही अट घातली होती. ज्याला तुमच्या माणसाने मानाने पुकारले, तो तुमच्या अभयात आला. त्याच्या केसाला धक्का लागला, तर हक्क तुमचा गेला.

सुभानजी अचलोजीरावांचा चोपदार; त्याचा आवाज पल्ल्याचा होता. त्याने दरवाज्यात ललकारी दिली की समोरच्या डोंगरावरचे गुराखी मान वळवून बघत. म्हणूनच अचलोजीरावांचे मामा सिधोजी यांनी पौषात त्याला माथ्यावरच्या मुंगरी गावच्या बाजारात उभे केले होते.

"मतं मानपानाने मिळत नाहीत, चोपदार," सिधोजीमामा हसत म्हणाले होते, "भयाने मिळतात. तुम्ही फक्त पुकारा. शब्द आमचे."

आणि सुभानजीने पुकारले होते. तळवाले आपले नव्हेत, होऽ! समुद्रावरच्या परक्यांशी त्यांचा सलोखा आहे, होऽ! तळच्या मिठात विष कालवलंय, होऽऽ! खाली तळच्या बाजारातही काही वेगळे चालले नव्हते. तिथे दर्याजीरावांची माणसे घाटमाथ्याच्या लोकांना लांडगे म्हणत होती आणि लांडग्यांचे काय करायचे असते तेही सांगत होती. सुभानजी मनाशी म्हणाला होता, शब्द त्यांचे, माझा नुसता आवाज.

तिसऱ्या बाजाराला धाकू मिठकर आला. वीस वर्षे हा माणूस तळाहून मीठ आणत होता, आणि पहिली पायली चोपदाराच्या दारात रिती करून मगच बाजारात जात होता. लोकांनी त्याला बैलांसकट घेरले. धाकूने गोणी उसवली आणि मूठभर मीठ तोंडात टाकले. विष नाही हे दाखवायला दुसरी मूठ टाकली, तिसरी टाकली. डोळ्यांतून पाणी वाहत असता त्याने गर्दीत सुभानजीला हेरले.

"चोपदारमामा, तुम्ही तरी सांगा यांना! तुमच्या घरात माझंच मीठ आहे!"

डोंगरापल्याड जाणारा तो आवाज त्या दिवशी घशातून बाहेरच आला नाही. पहिला धोंडा कोणी मारला ते कळले नाही. शेवटचाही कळला नाही.

"काय, चोपदार? चांदी घासून घासून झिजवणार की काय?"

सिधोजीमामा पायऱ्या उतरून आले होते. त्यांच्या मागे अचलोजीराव होते; तिशीतले, देखणे. सुभानजीने उठून मुजरा केला.

"ऐका," मामा आवाज उतरवून म्हणाले. "आज दर्याजीला किताब नाही, राव नाही, चोप टेकवणं नाही. नुसतं म्हणायचं, तळचा दर्या आलाय. बस्स."

"पण मामासाहेब, मान नाही तर अभय नाही."

"तेच तर." मामांनी अंबारखान्याच्या भिंतीकडे नजर टाकली. "उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की आमची माणसं बघून घेतील. रिवाज मोडला असं कोणी म्हणू शकणार नाही. अभय दिलंच नव्हतं, तर मोडेल कसं?"

सुभानजीने धन्याकडे पाहिले. "सरकारांची आज्ञा काय?"

अचलोजीराव तटापलीकडच्या धुक्याकडे बघत राहिले. "मामा म्हणतात तसं करा," ते अखेर म्हणाले.

"आणि आवाज चढला, तर लक्षात ठेवा," मामा जाता जाता म्हणाले, "चोप बदलता येतो, तसा चोपदारही बदलता येतो."

ऊन दरवाज्यापाशी पोहोचले तेव्हा दर्याजीराव आले. रिवाजाप्रमाणे निःशस्त्र, अनवाणी. मागे तळचे अकरा पाटील. त्यांतला एक म्हातारा चढण चढून धापा टाकत होता. आतल्या अंगाला घाटमाथ्याचे पाटील उभे होते आणि सदरेच्या पायऱ्यांवर अचलोजीराव. 

दर्याजीरावांचा चोपदार पुढे झाला. त्याने चोप टेकवला आणि अचलोजीरावांना त्यांच्या आजापणजापासूनच्या एकूण एक किताबासह पुकारले. एकही शब्द गाळला नाही. लांडगा म्हणून ज्यांना महिनाभर हिणवले होते, त्यांच्या नावापुढे 'राजमान्य राजश्री' लावताना त्या माणसाचा स्वर चिरकला, पण थांबला नाही.

आता पाळी सुभानजीची होती.

त्याने श्वास घेतला आणि त्याच्या नाकात वास आला, पेटत्या तोड्याचा, बंदुकीच्या जळत्या वातीचा. अंबारखान्याच्या भिंतीआड तोड्याच्या बंदुका तयार होत्या. दर्याजीरावांनाही तो वास आला असावा, कारण त्यांचे पाऊल उंबरठ्यावर अडले. ते मागे फिरले नाहीत. ते सुभानजीकडे बघू लागले. आणि कोण जाणे का, सुभानजीला त्या नजरेत धाकूचे डोळे दिसले. तुम्ही तरी सांगा यांना.

चांदीच्या मुठीचा चोप वर गेला आणि फरसबंदीवर आदळला. एकदा, दोनदा, तीनदा.

"आस्ते कदम! निगाह रखो! राजमान्य राजश्री दर्याजीराव, सांबरगडच्या मातीचे, थोरल्या देशमुखांच्या रक्ताचे, तळच्या अकरा गावांचे धनी, अचलोजीरावांच्या अभयात पधारताहेत होऽऽऽ!"

समोरच्या डोंगराने तो शब्द झेलला आणि परत पाठवला. अभयात होऽऽ. सिधोजीमामांचा चेहरा पांढरा पडला. सुभानजी वळला, आणि ज्याला पुकारले त्याच्या पुढे चोपदाराने चालावे या रीतीने दर्याजीरावांच्या पुढे चालू लागला. त्याची छाती अंबारखान्याकडे होती. पाच पावले गेली. सहावे पडले.

बार एकच झाला.

सुभानजी गुडघ्यावर आला. गोळी गळ्याला फाडून गेली होती. तळचे पाटील ओरडले, घाटमाथ्याचे धावले, कोणाच्या तरी हातात दगड आला. आणि मुंगरीच्या बाजारात जे झाले ते गडाच्या पोटात होणार असे वाटले, तेवढ्यात अचलोजीराव सदरेच्या पायऱ्या उतरून धावत आले आणि हात पसरून दर्याजीरावांच्या पुढ्यात उभे राहिले.

"बंदुका खाली!" ते किंचाळले. "माझं अभय आहे! माझं!"

भिंतीआडून बार काढणाऱ्या लुमाजी बारगिराला ओढून आणले. तो चांगला माणूस होता. घरी दोन लेकी, देवळात नित्य दिवा लावणारा. रक्ताने भिजलेल्या चोपदाराला बघून तो त्याच्यापाशी वाकला.

"चोपदारमामा, हे काय केलंत? त्याच्या आडवे का आलात? विष घालणारे आहेत ते. तुम्हीच तर सांगितलं होतंत, मुंगरीच्या बाजारात!"

सुभानजीने बोलायला तोंड उघडले. आत नुसता वारा वाजला.

त्या दिवशी सभा झाली. अचलोजीरावांनी भर सदरेत सारे कबूल केले आणि हक्क सोडला. पागोटे दर्याजीरावांना बांधले गेले. सिधोजीमामा त्याच दिवशी देशमुखीबाहेर गेले आणि पुढे दुसऱ्या कुठल्या तरी दरबारी त्यांना मानाची जागा मिळाली, असे ऐकिवात आले. पण पागोटे बांधल्याने मने सांधली गेली नाहीत. त्या उन्हाळ्यात तळाकडे तीन घरे जळाली, माथ्यावर दोन. घाटमाथ्याच्या बायका दूरच्या पेठेतून दुप्पट भावाचे मीठ आणीत राहिल्या. विषाची गोष्ट खोटी, हे सर्वांना ठाऊक झाले होते. तरी तळच्या मिठाला हात लावायला कोणी धजेना.

सुभानजी जगला, पण आवाज गेला तो गेलाच. दर बाजाराला तो चोप घेऊन मुंगरीला जाई आणि जिथे उभा राहून पुकारत असे, त्याच दगडावर दिवसभर बसून राही. लोक म्हणत, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या वर्षीच्या माघात एका बाजाराला घाटवाटेवर घुंगरे वाजली. एकच बैल, आणि त्याच्यासोबत एक बाई. धाकूची विधवा बायको भागी. तिने बाजाराच्या मध्यावर गोणी उतरवली, तोंड उसवले आणि कोणाकडेही न बघता बसली. भोवती रिकामे रिंगण पडले. कोणी पुढे येईना, कोणी मागेही जाईना.

सुभानजी उठला. रिंगण ओलांडून तो तिच्यापुढे गेला, वाकला, मूठभर मीठ उचलले आणि सगळ्या बाजारादेखत तोंडात टाकले. जखमी घशाला ते झोंबले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते त्याने पुसले नाही. भागी वर बघत होती.

"उशीर केलात, चोपदारमामा," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. मग चोप उचलला आणि देशमुखांसाठी टेकवावा तसा, एकदा, दोनदा, तीनदा, त्या मिठाच्या गोणीपुढे जमिनीवर टेकवला.