नऊ जानेवारीचा स्नॅपशॉट

सांगतो, बाप्पा, सांगतो. पण माझी मर्जी नाई, हे ध्यानात ठेवा. चार दिवसांपासून हा पियुष माझं डोकं खाऊन राह्यला, अन् आता ही अंकिताही त्याच्या नादी लागली. म्हातारा जेवून आंग टाकते न टाकते, तं यायले भूत पाह्यजे! मंग ऐका. मधात हसायचं नाई, मोबाईल काढायचा नाई. अन् रातच्याले बाहेर जायची भीती वाटली तं मले उठवायचं नाई.

माझ्या ओळखीचा एक पोट्टा आहे, ऋतिक. बोरगाव मेघेत राह्यते, कंप्युटरची कामं करते. हे त्याच्यासोबत झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात खाटेवर पडून त्यानं मले स्वतः सांगितलं, अन् तेव्हा तो थापा मारायच्या हालतीत नव्हता.

दोन हजार चोवीस साल. ऑक्टोबरची चौदा तारीख, सोमवार. दसरा होऊन दोन दिवस झालते. सांजच्याले ऋतिक गाडीले किक मारून निघाला अन् आठ-साडेआठले आष्टीच्या अलीकडं ताराचंदशेठच्या कापसाच्या जिनिंगवर पोचला. काम साधं होतं. तिथल्या हापिसात एक मोठा कंप्युटर आहे. त्याच्या पोटात आणखी एक कंप्युटर चालते, त्याले ना डबा ना वायर. व्हर्च्युअल मशीन म्हणते त्याले. मले विचारू नका कसं ते. ऋतिकनं तीनदा समजावलं अन् तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली. जिनिंगच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्या बिनडब्याच्या कंप्युटरात साठे. त्याची डिस्क गच्च भरली होती. सीझन लागायच्या आधी ती वाढवायची, एवढंच काम. ते रात्रीच करा लागते, कारण तेवढा वेळ कॅमेरे बंद राह्यते अन् दिवसा शेठ ते बंद ठेवू देत नाई.

हापिसात शेठचा पोरगा धीरज बसला होता. तीस-बत्तीसचा, आंगानं रेड्यासारखा.

"किती वेळ लागन बे?"

"दोन-तीन तास, भाऊ. पण याच्यात एक जुना स्नॅपशॉट अडकून आहे. तो असला तं डिस्क वाढत नाई."

"म्हंजे काय?"

"मशीनचा फोटो समजा. त्या घडीले मशीनमंधी जे जे होतं ते सारं त्याच्यात जसंच्या तसं राह्यते. तुमची मशीन रोज रात्री बाराले नवा फोटो काढे अन् मागचा पुसे. नऊ जानेवारीच्या रात्रीनंतर ते बंद पडलं. तो शेवटचा फोटो तसाच राह्यला. त्याच्यापायीच जागा भरत गेली."

मोबाईलवर फिरणारा धीरजचा अंगठा थांबला.

"कोन्ती तारीख म्हटली तुनं?"

"नऊ जानेवारी."

"पुस. उघडून पाहू नको. पुस, डिस्क वाढव अन् घरी जाजो."

"हो नं, भाऊ."

धीरज बाहेर जाऊन आपल्या गाडीत आडवा झाला.

ऋतिकले त्या तारखेचं काही ठाऊक नव्हतं. तुम्हाले सांगतो. रुई दाबून गठाण बांधते ती प्रेस तुम्ही पाह्यली नसन. लोखंडाची पेटी, माणूस उभा मावन एवढी. वरून दट्ट्या उतरते. रुई अडकली तं माणसाले आत उतरून ती मोकळी करा लागते. म्हणून त्या जिनिंगचा एक कायदा होता. लिव्हर ओढायच्या आधी तीनदा हाक द्यायची, "पेटीत कोण?" दर हाकेमागं थांबायचं. आत कोणी असला तं तो लोखंडावर ठोकते. ठोका ऐकू आला की लिव्हरवरचा हात काढायचा. माझा बाप तिथं होता तेव्हापासून असंच.

नऊ जानेवारीले, मंगळवारी, रात्री अकरा चाळीसले मधुकर आत उतरला होता. मजूर माणूस. सही येत नव्हती, अंगठा लावे, पण कामाले वाघ. लिव्हरवर स्वतः धीरज होता. सकाळी गावात काय सांगितलं? मधुकर दारू पिऊन पेटीत झोपला अन् दबून मेला. कॅमेऱ्यात म्हणे काही सापडलं नाई. त्याची बायको आनंदाबाई ठाण्यात गेली, शेठच्या दारात गेली. "माह्या मानसाचं काय झालं ते एकडाव मले दाखवा नं, बाप्पा," एवढंच म्हणे. कोणी दाखवलं नाई. गेटवर पहाऱ्याले मी होतो. हाक झालीच नाई, असं मी बयानात सांगितलं. माझं कोणी लिहून घेतलं नाई.

आता, ऋतिकच्या उस्तादानं त्याले एक सवय लावली होती. जुनं पुसायच्या आधी ते एकदा उघडून पाह्यचं. पुसल्यावर हळहळून फायदा नाई. त्यानं त्या स्नॅपशॉटवरून मशीनची एक नक्कल उभी केली. आत नऊ जानेवारी जशीच्या तशी होती. प्रेसच्या कॅमेऱ्याचं अकरा चाळीसचं चित्रण तिच्यात होतं. रोजच्या मशीनमंधी ते नव्हतं. कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळीच ते उडवलं होतं.

ऋतिकनं ते लावलं.

मधुकर हात जोडून काहीतरी म्हणून राह्यला. धीरजनं त्याच्या कानफटात मारली. मंग केस धरून त्याचं डोकं पेटीच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. मधुकर तसाच रक्त पुसत आत उतरला. धीरज लिव्हरपाशी गेला. हाक दिली नाई. तरी आतून ठोका आला. ठण्. ठण्. ठण्. धीरजनं मान वळवून पेटीकडं पाह्यलं. ऐकलं त्यानं. चांगलं कान देऊन ऐकलं.

अन् लिव्हर ओढलं.

हे त्या माणसाच्या घरच्यांपर्यंत पोचलं पाह्यजे, एवढंच ऋतिकच्या मनात आलं. नक्कल काढून घ्यायले त्यानं पेनड्राईव्ह लावला.

"तुले म्हटलं होतं नं, उघडू नको म्हणून?"

मागं धीरज. हातात सब्बल, लोखंडाची पहार.

पहिला घाव ऋतिकच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याले ऐकू आला, दुखणं मंग आलं. दुसरा खांद्यावर. तो टेबलासकट खाली पडला. धीरजनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, छातीवर गुडघा ठेवला, अन् सब्बलीचं टोक गळ्याले लावलं.

"पुसायचं कुठून? दाखव. नाई तं तुलेही पेटीत टाकीन."

ऋतिकनं मोडक्या हातानं बोट दाखवलं. दाखवलं, काय करन? जीव कोणाले नको? धीरजनं आधी नक्कल उडवली. मंग स्नॅपशॉट. पेनड्राईव्ह उपटून टाचेखाली चुरला. पडद्यावर पट्टी सरकत गेली. वीस टक्के. साठ. नव्वद. शंभर.

गेलं. सगळं गेलं.

"आता तुझं पाहू," धीरज म्हणाला, अन् त्यानं सब्बल उचलली.

तेवढ्यात...

ठण्.

प्रेसच्या शेडातून. कंप्युटरातून नाई. शेडातून.

ठण्. ठण्.

धीरजची सब्बल तशीच वर राह्यली. सीझनपर्यंत प्रेसची लाईन बंद होती. मेनचे फ्यूज आष्टीले, शेठच्या घरी, कपाटात. सीझनआधी गेटवर पहाराही नसे, आवारात तिसरं माणूस नव्हतं.

"कोणाले आणलं सोबत?"

"कोणी नाई, भाऊ. आईची आन."

ठण्.

धीरजनं दारूच्या नशेतल्यासारखी एक शिवी दिली, हापिसाचं दार बाहेरून लावलं अन् टॉर्च घेऊन शेडाकडं गेला.

ऋतिक जमिनीवरच होता. त्यानं मान वर केली. पडदा चालू होता. कॅमेरे बंद होते... तरी प्रेसचा कॅमेरा दिसून राह्यला. कोपऱ्यात तारीख. नऊ जानेवारी. वेळ अकरा अडतीस.

टॉर्चचा उजेड शेडात आला. मागून धीरज. अंगात तोच आताचा शर्ट. ऋतिकच्या रक्ताचे शिंतोडे असलेला.

पेटीचं दार उघडं.

धीरजनं सब्बल आपटली. "निघ बाहेर! निघ, साल्या!"

कोणी नाई.

तो वाकला. टॉर्च आत घातला.

हात आला. आतून. कोपरापर्यंत रुई चिकटलेला. त्यानं धीरजची कॉलर धरली. धीरजनं सब्बल मारली. त्या हातावर मारली. दोनदा, तीनदा. हात चेपला, वाकला... सुटला नाई. एवढा मोठा गडी. पोत्यासारखा आत गेला. चपला वर राह्यल्या.

दार लागलं. कडी पडली. कोणी लावली ते दिसलं नाई.

लिव्हरपाशी कोणी नव्हतं.

मंग हाक ऐकू आली. घाई नाई. राग नाई. कामावरचा माणूस देते तशी.

"पेटीत कोण?"

ठणठणठणठण... आतून. "मी हाओ! धीरज! अबे, मी हाओ!"

"पेटीत कोण?"

हाक थांबली. कायद्याप्रमाणं थांबली. आतून लाथा. ठोके. रडणं. "माफ कर... माय व... माफ कर नं..."

ऋतिकनं हापिसाच्या दारावर अंग आपटलं. एकदा. दोनदा. अजून एकदा. तुटलं नाई दार.

"पेटीत... कोण?"

ठण्.

एकच.

लिव्हर हललं.

मंग जे ऐकू आलं ते ऋतिकनं मले सांगितलं होतं. ते मी तुम्हाले सांगत नाई.

...

पहाटे दूधवाल्यानं त्याले खिडकीतून काढलं. पोलीस आले. पेटी गॅसकटरनं कापा लागली. धीरज आत होता, हातभर जागेत. नखं उलटी झालती, अन् सब्बल त्याच्याच पोटातून आरपार गेलती. प्रेसचं तेल गळलं म्हणून दट्ट्या आपोआप उतरला, असं कागदावर लिहिलं. लिहो बापडे. फ्यूज कपाटातच सापडले, ते मात्र कोणी लिहिलं नाई.

आठ दिवसांनी पोलिसांनी तो कंप्युटर ठाण्यात लावला. ऋतिक प्लास्टरमंधी हात घेऊन बसला होता. आनंदाबाईले बोलावलं होतं. ताराचंदशेठ होता. त्या जानेवारीच्या रात्री गेटवर होतो म्हणून मलेही बोलावलं होतं. मशीन उघडली तं डिस्क वाढून होती, दुप्पट. त्या नव्या, कोऱ्या जागेत एकच चित्रण होतं. नऊ जानेवारी, अकरा चाळीस. धीरजनं शंभर टक्के पुसलेलं, तेच.

आनंदाबाईनं ते उभ्यानं पाह्यलं. पुरं पाह्यलं. रडली नाई. "मानूस ठोकून राह्यला होता नं," एवढंच म्हणाली, अन् पदर सावरून निघून गेली.

साहेबानं ऋतिकले विचारलं, "डिस्क तू कव्हा वाढवली?"

"मी नाई वाढवली, साहेब. मी तं पडून होतो."

मशीन आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवते. ऋतिकनं डाव्या हातानं ती नोंद काढली. आम्ही सारे वाकून पाहून राह्यलो. डिस्क वाढवली, चौदा ऑक्टोबर, रात्री अकरा अठ्ठावन्न. त्या मशीनमंधी शिरायचे दोनच नावं होते, एक हापिसाचं अन् एक ऋतिकचं. करणाऱ्याच्या खान्यात तिसरंच होतं. मधुकर.

ऋतिकनं खुर्ची मागं सरकवली. त्या मशीनले त्यानं पुन्हा हात लावला नाई.

झालं. आता जा, झोपा.

काय? मंग काय झालं म्हणता? काही नाई झालं. आनंदाबाई आपल्या माहेरी गेली. ऋतिकचं मनगट आजही पुरं वळत नाई. अन् मी खोटा नव्हतो, हे त्या दिवशी ठाण्यात सगळ्यांनी पाह्यलं. बयान दिलं म्हणून भर बाजारात माझी टोपी उडवून, ज्यानं उभ्या जन्मात थेंबाले हात नाई लावला त्या मले दारुड्या म्हणणाराही तिथंच होता, माझ्या बाजूच्या खुर्चीवर. त्यानं तेव्हा मान वर केली नाई अन् आजपर्यंत माझ्या दारात आला नाई. पोरगा गेला त्याचा, कबूल. मले वाईट वाटते. पण माफी मागायची ती मागायचीच आहे अजून.

ताराचंदनं.