तीनशे पायऱ्यांचा एक नग

चंद्रपूरजवळच्या एका बंद पडलेल्या खाणीत, जमिनीखाली तीनशे फुटांवर, पाच विद्वान सकाळपासून एकाच प्रश्नावर भांडत होते: वस्तूच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा कोणता? वस्तुजीवन संशोधन केंद्रातलं हे दरवर्षीचं भांडण. कच्चा माल, निर्मिती, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट असे पाच टप्पे आणि प्रत्येकाला एक विभागप्रमुख. ज्याच्या वाट्याला जो विभाग आला, त्याला तोच टप्पा महत्त्वाचा वाटायचा. मागच्या वर्षी वाहतूकवाल्या साहेबांची बदली निर्मितीत झाली, तर आठवड्याभरात त्यांचं मतही बदललं. त्याचं कुणालाच, अगदी त्यांना स्वतःलाही, काही वाटलं नाही.

भांडण ऐकत मधल्या खुर्चीत संचालक डॉ. यशोधन पिंपळखरे बसले होते. हे गृहस्थ परतद्रव्याचे जनक. जगातल्या बहुतेक खाणी रित्या झाल्यावर त्यांनी हे द्रव्य शोधून काढलं आणि तेव्हापासून लोक त्यांच्यासमोर जरा वाकूनच बोलत. त्यांनाही ते आवडायचं, आणि आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

त्या दिवशी बैठकीत एक नवं माणूस होतं. मंदाकिनी खोब्रागडे, वय चौपन्न, केंद्राच्या सुरक्षा अधिकारी. वीस वर्षं खाणीतल्या बचाव पथकात काढलेली बाई. दोनच दिवसांपूर्वी हवेच्या विहिरीतली, म्हणजे खाणीला हवा पुरवणाऱ्या उभ्या बोगद्यातली, लोखंडी शिडी काढून तिथे परतद्रव्याची शिडी बसवली होती. लिफ्ट बंद पडली तर वर यायला तेवढी एकच वाट होती. म्हणून बाईंनी विचारलं, की हे द्रव्य नक्की काय आहे ते मला एकदा नीट समजावून सांगा.

पिंपळखऱ्यांनी समजावलं. सांगायला ते वाईट नव्हते. परतद्रव्याच्या कणाकणात सूक्ष्म बंध असतात, आणि ते बंध टिकायला त्यांना हालचाल लागते. हात लागला, पाय पडला, ताण आला, की त्या धक्क्यातून बंध पुन्हा घट्ट होतात. ठरलेल्या मुदतीत धक्का मिळाला नाही तर ते सुटतात. वस्तू दिसायला तशीच राहते, पण बोट लावलं की उदबत्तीच्या राखेसारखी खाली येते. ती भुकटी गोळा करायची आणि तिची नवी वस्तू करायची. म्हणजे माळ्यावरची अडगळ संपली आणि कचऱ्याचे डोंगरही संपले. बाजारातल्या वस्तूंना सहा महिन्यांची मुदत होती. केंद्राने मात्र दिमाखात स्वतःच्या सगळ्या सामानाला पंधराच दिवसांची मुदत लावून घेतली होती, कारण ‘शून्य पडीक’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार संचालकांना हवा होता.

“म्हणजे जी वस्तू वापरात नाही, ती मेली,” पिंपळखरे म्हणाले.

“मग शिडी कोणत्या टप्प्यात आहे, सर?”

“वापराच्या. अर्थातच.”

“पण ती कुणी वापरतच नाही. वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच तर ती लावतात. नुसती उभी आहे, हेच तिचं काम. हे तुमच्या पाचांपैकी कशात बसतं?”

पाचही विभागप्रमुख हसले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं असेल तर ते या हसण्यावर. विल्हेवाटवाले म्हणाले, की पडून असणं हा काही टप्पा नव्हे, तो दोष आहे. संचालकांनी मोठ्या मनाने तोडगा काढला: दर सोमवारी बचावाची रंगीत तालीम करायची आणि खाणीत काम करणाऱ्या अकराही जणांनी शिडी चढायची. मग ती वापरातही राहील आणि बाईंचंही समाधान होईल. लोखंडी शिडी परत लावा, एवढंच बाईंचं मागणं होतं, ते मात्र त्यांनी उडवून लावलं. पुरस्काराचे परीक्षक येणार आणि त्यांना गंजकी शिडी दाखवायची? छे.

सुरुवातीचे सहा महिने तालीम बाईंनी स्वतः घेतली. अकराही जणांना त्या तीनशेच्या तीनशे पायऱ्या चढायला लावायच्या. धापा टाकत, बाईंना मनातल्या मनात शिव्या देत ही मंडळी वर पोचायची. तक्रारी झाल्या. संशोधकांचा बहुमोल वेळ जातो, कुणाची कंबर धरते, कुणाचा सोमवारचा उपास असतो. शेवटी बाईंची बदली झाली. जमिनीवरच्या कार्यालयात, जुन्या कागदांच्या खोलीत त्यांना बसवलं आणि खाली जायचा त्यांचा परवाना काढून घेतला. वीस वर्षं माणसं वाचवणाऱ्या बाईला या लोकांनी फायली लावायला बसवलं, आणि निरोपाला शाल दिली.

बाईंची मुलगी हर्षा मात्र खालीच होती. हुशार पोरगी, पिंपळखऱ्यांची लाडकी. शिडीचा नाडीमापक तिनेच बनवला होता. तळाशी भिंतीत बसवलेलं हे छोटं यंत्र शिडीची थरथर मोजायचं आणि वस्तू जिवंत आहे की मेली ते सांगायचं. आपली आई अजून दोर आणि कंदिलाच्या काळात राहते, असं हर्षाचं मत होतं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण आईला ते ठाऊक होतं.

दर सोमवारी जेवताना बाई विचारायच्या, “वरपर्यंत गेला होतात ना तुम्ही?”

“हो गं आई,” हर्षा म्हणायची आणि भाजी वाढून घ्यायची.

अठरा नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता खाली लिफ्टच्या विजेच्या खोलीत आग लागली. लिफ्ट अर्ध्यात अडकली आणि पंखे बंद पडले. अकरा जण धावत हवेच्या विहिरीत आले आणि त्यांनी मागचं लोखंडी दार लावून घेतलं. दार जुनं होतं, खाणीच्या काळातलं. धूर दोनेक तास अडवेल इतकं ते भक्कम होतं. नाडीमापकावर हिरवा दिवा होता आणि खाली अक्षरं होती: ‘शिडी, एक नग, जिवंत.’

पिंपळखरे सगळ्यांत आधी चढले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पण संचालक पुढे सरकले की बाकीचे आपोआप बाजूला व्हायचे, आणि ही सवय आगीतसुद्धा सुटली नाही. ते बारा पायऱ्या चढले. तेरावी त्यांनी धरली आणि ती त्यांच्या मुठीत पीठ होऊन गेली.

ते बारा फुटांवरून पडले. पाय मोडला. वरून राखाडी भुकटी त्यांच्या केसांवर पडत राहिली. असं का झालं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाई गेल्यापासूनची तालीम अशी व्हायची: प्रत्येकाने बारा पायऱ्या चढायच्या, तिथे मान वळवून हसायचं, खालून एकाने फोटो काढायचा. मग वहीत सही करून सगळे लिफ्टने वर चहाला. बाराच का? तर फोटोच्या चौकटीत तेवढ्याच मावायच्या. पायऱ्या भिंतीत एकेकट्या रोवलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पायरी आपापली जगायची आणि आपापली मरायची. पण कागदावर शिडी हा एक नग होता, नाडीमापकही त्या एका नगासाठीच केला होता, आणि बारा पायऱ्यांची थरथर त्या यंत्राला भरपूर वाटायची. आणि ते यंत्र हर्षाचं होतं.

वर कार्यालयात भोंगा झाला तेव्हा मंदाकिनीबाई आधी बचाव सामानाच्या कपाटाकडे गेल्या. दोर उचलला. हातात भुकटी आली. दुसरा उचलला, तीच गत. वाचवण्यासाठी ठेवलेली प्रत्येक वस्तू या कपाटात शहाण्यांच्या मुदतीने मरून पडली होती. अग्निशमनवाले निघाले होते, पण रस्ता दीड तासाचा होता. बाई हमरस्त्याकडे पळाल्या. तिथे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक रोज जातात, आणि माल बांधायचे दोर रोज ताणले जातात. म्हणजे ते जिवंत असणार, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. केंद्रातल्या एकाही डॉक्टरेटवाल्याला तो सुचला नसता.

त्यांनी दोन ट्रक अडवले. पहिला ड्रायव्हर उतरून म्हणाला, “काहून थांबवलं, बाई? मले माल पोचवाचा हाय.” खाली अकरा जण अडकलेत हे ऐकल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. माल तसाच सोडून त्याने आणि दुसऱ्याने मिळून चार दोर काढून दिले. एकाला एक बांधून एकशे तीस फूट भरले. विहीर तीनशे फुटांची होती.

“पुरत नाही जी,” तो म्हणाला.

“पुरते,” बाई म्हणाल्या. “माझ्यामागून उतरा. जिथे माझा पाय पडेल तिथेच पाय ठेवा.”

आणि बाई विहिरीच्या तोंडातून पायऱ्या उतरू लागल्या. पायऱ्या टिकल्या. शंभर झाल्या, दीडशे झाल्या, तरी टिकल्या. बदली झाल्यापासून प्रत्येक शनिवारी, कार्यालय रिकामं झालं की, बाई वरून ही शिडी उतरत होत्या. खालच्या दाराचा परवाना नव्हता, म्हणून उतरलेलं सगळं परत चढावं लागे. गुडघ्यांनी साथ दिली ती एकशे ऐंशी पायऱ्यांपर्यंत. तिथे खाणीच्या काळातला सिमेंटचा ओटा होता. त्यावर बसून त्या दम घ्यायच्या आणि परत फिरायच्या. खालची मंडळी मध्येच परतत असतील अशी शंका त्यांना होती, पण सोमवारी खालच्या एकशे वीस पायऱ्या तरी ती चढतात, असं त्यांनी धरलं होतं. लेक तर वरपर्यंत जातो म्हणायची.

ओट्यावरून त्यांनी खाली हाक मारली.

“हर्षा, खालून किती पायऱ्या शाबूत आहेत?”

“बारा.”

“तुम्ही वरपर्यंत जात होतात ना?”

“नाही, आई. मी खोटं सांगत होते.”

त्या क्षणी बाईंना राग आला, आणि साधासुधा नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीचा तिरस्कार वाटावा इतका आला. तो गिळायला वेळ नव्हता, म्हणून तो तसाच ठेवून त्यांनी दोर सोडला आणि कमरेला गाठ कशी मारायची ते वरून सांगितलं. दोघा ड्रायव्हरांनी ओट्यावर पाय रोवून एकेकाला ओढून घेतलं. मोडक्या पायाचे संचालक तिसऱ्या नंबरावर आले. हर्षा शेवटची आली. तोवर दाराखालून धूर येऊ लागला होता आणि तिचे ओठ निळे पडले होते. बाईंनी तिला ओट्यावर घेतलं, आधी एक थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरलं.

पिंपळखऱ्यांना ड्रायव्हरने पाठीवर घेऊन वर आणलं होतं. विहिरीच्या तोंडाशी निजल्या निजल्या त्यांनी विचारलं, की वरच्या पायऱ्या जिवंत कशा राहिल्या? बाईंनी सांगितलं.

“परवानगीशिवाय?” संचालक म्हणाले.

चौकशी समिती बसली. समितीत दुसऱ्या केंद्रांतले पाच जण होते, पाच टप्प्यांचे पाच. त्यांच्याकडे छापील तक्ता होता: दोष कोणत्या टप्प्यात? कच्चा माल उत्तम होता. निर्मिती निर्दोष होती. वाहतुकीत इजा नव्हती. वापराच्या वहीत दर सोमवारच्या सह्या होत्या आणि फोटोही होते. विल्हेवाट तर नमुनेदार झाली होती, एकशे आठ पायऱ्या विनाखर्च, कणही वाया न जाता भुकटीत परतल्या होत्या. हर्षाने उभं राहून सांगितलं, की शिडी पडून असताना मेली, आणि पडून असणं हाच तिच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा होता. अध्यक्ष म्हणाले, की तुमच्या भावना आम्ही समजतो, पण तसा रकाना तक्त्यात नाही. निष्कर्ष लिहिला गेला: पाचांपैकी कोणत्याही टप्प्यात दोष आढळला नाही. तालीम यापुढे बाराऐवजी चोवीस पायऱ्यांची असावी. मंदाकिनी खोब्रागडे यांनी शिडीचा विनापरवाना वापर करू नये, म्हणून विहिरीच्या तोंडाला कुलूप लावावं. ‘शून्य पडीक’ पुरस्कार त्याच महिन्यात मिळाला. विल्हेवाट विभागाचा खास उल्लेख होता.

नव्या पायऱ्या बसवल्यावर पहिला सोमवार आला. कुबडी घेऊन पिंपळखरे स्वतः हजर होते. एकेकाने चोवीस पायऱ्या चढून मान वळवली आणि फोटो काढून घेतला. त्यासाठी नवा, रुंद चौकटीचा कॅमेरा आणला होता. शेवटी हर्षा चढली. चोविसावी आली. खालून कुणी तरी म्हणालं, हसा. तिने मान वळवली नाही. ती पंचविसावी चढली, मग सव्विसावी.

संचालकांनी हाक मारली, की झालं, उतर, लिफ्ट थांबली आहे. मग जरा मोठ्याने सांगितलं, की हे नियमात नाही. मग घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना घेऊन चहाला गेले.

हर्षाला वर पोचायला पाऊण तास लागला. विहिरीच्या तोंडावरच्या जाळीला कुलूप होतं. जाळीच्या पलीकडे आई जमिनीवर बसली होती. लेक चढत असताना ती पायऱ्यांचा आवाज मोजत होती, आणि तिचा आकडा बरोबर तीनशे आला होता.

“आता खाली जायला लागेल,” हर्षा धापा टाकत म्हणाली. “कुलूप आहे.”

“जा,” आई म्हणाली. “सावकाश जा. आणि पुढच्या सोमवारी ये.”