पळसाच्या पानांचा माणूस

"कंदील बारीक कर," सहादूतात्या म्हणाले. "आणि आरोही, मधे बोलायचं नाही. भीती वाटली तर आत आईजवळ जाऊन बस."

"मी नाही घाबरत. सुनीलदादाच घाबरतो."

"शेखरही घाबरत नव्हता," तात्या म्हणाले आणि सांगू लागले.

शेखर त्यांच्याच बरोबर पिंपळगावच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये कामाला होता. साल दोन हजार तीन. कार्तिक अमावास्या, वार रविवार. त्या सकाळी घरच्यांनी नाशिकला गंगेवर त्याच्या थोरल्या काकांचं, सावळीरामचं, क्रियाकर्म उरकलं होतं. देह नव्हता. बारा वर्षांपूर्वी सावळीराम मनमाडला गाडीत चढला तो परत आलाच नाही, असं धनराजनं, म्हणजे शेखरच्या बापानं, गावाला सांगितलं होतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला जाळायचं, अशी रीत आहे. नारळाचं डोकं, तीनशे साठ पानांचं अंग. काकांना मूलबाळ नव्हतं. अग्नी शेखरनं दिला.

रात्री आठ वाजता आईनं, मंगलाबाईंनी, त्याच्या हातात डबा दिला. एरवी तो घरचा गडी, वाळू, न्यायचा.

"वाळू पाहुण्यांकडे गेलाय. मळ्यातल्या राखणदाराला एवढा देऊन ये."

"मी तर त्या राखणदाराला कधी बघितलंच नाही."

"बघायचं काही नाही. बेदाण्याच्या जुन्या शेडवर जा. धुरीच्या खोलीची खालची फळी सरकव, डबा ठेव आणि नीघ."

"खोलीत बसून राखण करतो होय? बरी नोकरी आहे. मला लावा."

आई हसली नाही. "बापूंना सांगू नको," एवढंच म्हणाली.

बेदाणा पिवळा राहावा म्हणून द्राक्षांना गंधकाची धुरी देतात. ही खोली त्यासाठीच बांधलेली. खिडकी नाही. खाली वीतभर उंचीची फळी. ती सरकवायची आणि पेटत्या गंधकाची थाळी आत ढकलायची. शेड कित्येक वर्षं बंद होतं.

शेखरनं मोटारसायकल लावली. दाराला बाहेरून कुलूप दिसलं. राखणदार आत आणि कुलूप बाहेर? त्याला नवल वाटलं. तरी खाली बसून त्यानं फळी सरकवली आणि डबा आत ढकलला.

आतून एक हात आला. नखं वाढलेली.

"वाळू, आज उशीर केलास."

"वाळू नाही. मी शेखर."

डबा ओढणारा हात थांबला.

"शेखऱ्या?"

त्याला अशी हाक एकच माणूस मारायचा. तो शाळेत होता तेव्हा.

"काका?"

"पाणी दे रे. सकाळी दहापासून अंग लय भाजतंय." आतला श्वास फळीपाशी आला. "कुणी पेटवलं रे मला?"

शेखर उठला. मोटारसायकल तिथंच राहिली. तो घरापर्यंत पळत आला.

धनराज जेवत होता.

"बापू, धुरीच्या खोलीची किल्ली द्या."

धनराजनं आधी बायकोकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

"तुम्ही कोंडलंत त्यांना?"

"डोकं फिरलं होतं त्याचं. जमीन विकायला निघाला होता."

"बारा वर्षं, बापू!"

"हळू बोल. सातबाऱ्यावरचं त्याचं नाव आता निघेल. तो मेला. आणि अग्नी तू दिलायस, मी नाही."

पण तो उठला. किल्ली त्याच्या करदोट्यालाच होती.

दार उघडलं. गंधकाचा वास नाकात चढला. धनराजनं बॅटरी लावली.

कोपऱ्यात काका बसले होते. पाठ भिंतीला. गुडघे पोटाशी. कातडी काळी पडलेली... अंगातून बारीक धूर निघत होता. डोळे शेखरवर.

धनराजनं बॅटरीचा झोत त्यांच्या अंगावरून हळूच पलीकडे नेला. परत आणला. हात जराही हलला नाही.

"कोणी आहे?" त्यानं विचारलं.

शेखरनं बापाकडे पाहिलं.

"आहे म्हण, आणि ने उचलून. उद्या पोलीस येतील. मी आत जाईन, तुझी आईही जाईल. डबा तिनंच भरलाय. नीट बघ आणि सांग. कोणी आहे?"

काकांनी दोन्ही हात पुढे केले. लहान मूल उचलून घ्या म्हणतं, तसे.

"बोल."

काकांचे हात पुढेच होते.

"बोल, शेखर."

"नाही," शेखर म्हणाला.

हात खाली गेले. अगदी सावकाश.

धनराजनं कुलूप लावलं.

तात्या थांबले. आरोही सुनीलला चिकटून बसली होती. तिला कोणी चिडवलं नाही.

"पहाटे शेखर माझ्या दारात आला," तात्या म्हणाले. "सगळं सांगितलं. म्हणाला, तात्या, मी नाही म्हणालो... तेवढं एकच परत परत. आम्ही पहार घेऊन निघालो. वाळू एसटीतून उतरत होता, त्यालाही घेतलं. कुलूप तोडलं."

"मग?"

"खोली रिकामी. जमिनीवर गंधकाची जुनी भुकटी, बोटभर जाडीची. तिच्यावर पावलं शेखर आणि धनराज, दोघांचीच. तीही उंबऱ्यापाशी. त्याच्या पुढं कोणी चाललेलंच नव्हतं. कोपऱ्याकडं नाही, कुठंच नाही. वाळू रडायला लागला. 'आईची आन, तात्या, रोज हात बघितलाय मी. डबा रोज रिकामा व्हायचा.' शेखर दारातच खाली बसला. आत आलाच नाही."

"म्हणजे काका आधीच मेलेले होते?" सुनीलनं विचारलं.

"ते धनराजला ठाऊक. त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. मी कोपऱ्यापर्यंत गेलो. भिंती गंधकानं पिवळ्या झालेल्या. त्या कोपऱ्यात मात्र तेवढीच पांढरी जागा. बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. मी तिथं हात ठेवला."

तात्यांनी कंदिलाकडे पाहिलं.

"तेवढीच भिंत गरम होती. वीतभर बाजूला थंडगार. परवा संक्रांतीला परत जाऊन आलो... अजून तशीच आहे."